सात अँगस्ट्रॉमचं शिखर: वालुकाश्मातल्या एका चुकलेल्या ओळखीचं प्रकरण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर तीन पिशव्या आल्या. प्रत्येकीत अंगठ्याएवढे चार-पाच दगडाचे तुकडे आणि वर मार्करने लिहिलेला एक आकडा: १,२००, २,६००, ३,९००. हे आकडे म्हणजे जमिनीखालची खोली, मीटरमध्ये. एकच वालुकाश्माचा थर, पण कललेला, म्हणून तीन विहिरींत तो तीन वेगवेगळ्या खोलींवर लागला होता. तेलविहिरींवर काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने रीतसर परवानगी काढून आमच्या एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हे नमुने पाठवले होते. विहिरी कुठल्या आणि कोणाच्या, हे छापायचं नाही अशी अट होती. ती इथेही पाळतो.

सोबत दोन प्रश्न होते. पहिला असा: थर जितका खोल जाईल तितका तो दाबला जातो, कणांमधली पोकळी कमी होत जाते. मग ३,९०० मीटरवरच्या दगडात २,६०० मीटरवरच्या दगडापेक्षा जास्त पोकळी कशी? आणि दुसरा, जरा घाईचा: या खालच्या थराची झिरपण वाढवायला विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं तर चालेल का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर दगडातल्या चिकणमातीच्या खनिजांत होतं. आम्ही ते खनिज एकदा चुकीचं ओळखलं. ती चूक कशी झाली, कशी सापडली आणि तिच्यामुळे काय होऊ शकलं असतं, हे सविस्तर लिहून ठेवायला हवं असं वाटतं, कारण याच जागी बरेच जण घसरतात.

सोलापुरात बसून वालुकाश्माचा अभ्यास करणं तसं विचित्रच. आमच्या पायाखाली सगळा काळा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. १९९३ च्या भूकंपानंतर इथून ईशान्येला किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग थेट प्राचीन पायाचा खडक. आमच्या मुलांना वालुकाश्म हातात घ्यायचा तर सहलीला लांब जावं लागतं. पण चिकणमातीचं म्हणाल, तर ती यांना शिकवावी लागत नाही.

हा प्रकल्प केलेली विद्यार्थिनी मंगळवेढा तालुक्यातली. घरी काळी जमीन, रब्बीची ज्वारी. पहिल्या दिवशी मी फळ्यावर स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजाची रचना काढली: दोन सिलिकाच्या पत्र्यांमध्ये एक ॲल्युमिनाचा पत्रा, अशा थप्प्या, आणि दोन थप्प्यांच्या फटीत पाणी व सोडियम, कॅल्शियमसारखे विद्युतभारित अणू. पाणी आत शिरलं की थप्प्या दूर सरकतात, सुकलं की जवळ येतात. ती म्हणाली, "म्हणजे रान उलतं ते हेच, सर." बरोबर हेच. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या दोन-तीन पावसांत त्या मिटतात, वाफसा आला की पेरणी होते आणि मग महिनोनमहिने पाऊस नसतानाही ज्वारी उभी राहते. हे सगळं या फटीतल्या पाण्यावर चालतं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे फार कामाला आली. तिच्या मामाचं भीमेकाठचं रान आहे. त्यात बरीच वर्षं उसाला वाफ्यात पाणी तुंबवून दिलं आणि रान चोपण झालं. तिचे वडील सांगायचे, "माती तीच हाय, पण पाणी बदललं की मातीचं वागणं बदलतं." चोपण जमिनीत थप्प्यांच्या फटीत सोडियम साचतो, त्यावर पावसाचं गोडं पाणी पडलं की मातीचे कण एकमेकांना सोडून पाण्यात तरंगायला लागतात आणि जमिनीची बारीक छिद्रं बुजतात. वर पाणी थांबतं, खाली झिरपत नाही. उपाय म्हणून जिप्सम टाकतात, म्हणजे सोडियमच्या जागी कॅल्शियम बसतो आणि कण पुन्हा एकत्र येतात. तेलविहिरीत गोडं पाणी सोडल्यावर वालुकाश्माची झिरपण अचानक कोसळते, ती थेट याच कारणाने. तिथे उपाय म्हणून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं पाणी वापरतात. मामाचं रान आणि चार हजार मीटर खालचा थर, दोन्हीकडे रसायन एकच.

माती पुरली तर तिचं काय होतं

एकाच बेसाल्टपासून वेगवेगळी माती होते हे महाराष्ट्रात डोळ्यांनी दिसतं. सोलापूरला वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, त्यामुळे दगडातून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका पुरते वाहून जात नाहीत आणि स्मेक्टाइट तयार होतं. महाबळेश्वरला तोच बेसाल्ट, पण पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. तिथे सगळं धुऊन जातं आणि उरते जांभा दगडातली केओलिनाइट, म्हणजे न फुगणारी चिकणमाती, आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. पाणी किती वाहतं आणि काय घेऊन जातं यावर माती ठरते.

वालुकाश्मातही पहिल्या काही शे मीटरपर्यंत हाच नियम चालतो. वाळू किनाऱ्याला, त्रिभुज प्रदेशात साचली आणि वरून पावसाचं पाणी तिच्यातून वाहत राहिलं, तर त्यातला फेल्स्पार (पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम असलेलं खडकातलं नेहमीचं खनिज) विरघळतो आणि मोकळ्या जागेत केओलिनाइटच्या षट्कोनी चकत्या एकावर एक रचल्या जातात. सूक्ष्मदर्शकात त्या पुस्तकाच्या पानांसारख्या दिसतात. यासाठी पोटॅशियम वाहून जायला हवं. ते तिथेच राहिलं तर केओलिनाइट टिकत नाही.

थर खोल गेला की वाहतं पाणी संपतं. आता दगडात जे आहे त्यातूनच जे व्हायचं ते होणार. इथून पुढे सूत्रं तापमानाच्या हातात जातात. दर किलोमीटरला साधारण ३० अंश सेल्सिअस धरले आणि पृष्ठभागावर २७, तर आमच्या तीन नमुन्यांचं आजचं तापमान येतं सुमारे ६३, १०५ आणि १४४ अंश. प्रत्येक खोऱ्यात ही वाढ वेगळी असते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच, पण विचार करायला पुरेसे.

या टप्प्यात स्मेक्टाइटचं इलाइट होतं. फेल्स्पार विरघळून पोटॅशियम देतो, ते स्मेक्टाइटच्या फटीत शिरतं आणि थप्प्यांना घट्ट धरून ठेवतं. पाणी बाहेर पडतं. फुगणारी माती न फुगणारी होते. हे एका झटक्यात होत नाही, एक थप्पी इलाइटची, एक स्मेक्टाइटची, अशी मिश्र रचना होत होत पुढे सरकतं. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या एका विहिरीतल्या शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या दगडाचा, अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,००० ते ३,७०० मीटर या पट्ट्यात मिश्र खनिजातला इलाइटचा वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलेला दिसला आणि त्याखाली तो जवळजवळ थबकला. त्याच पट्ट्यात पोटॅश फेल्स्पार कमी होत गेला होता. म्हणजे पोटॅशियम कुठून आलं याचा माग तिथेच सापडला. वर्गात मी नेहमी सांगतो, मंगळवेढ्याची काळी माती चार किलोमीटर खाली नेऊन ठेवली आणि शेजारी फेल्स्पार असला, तर काही दशलक्ष वर्षांनी ती ना उलेल ना फुगेल.

केओलिनाइटचीही अशीच गोष्ट आहे. तापत जाताना आधी तिची बांधणी बदलते, त्याच घटकांची पण जाडजूड ठोकळेबाज डिकाइट होते. आणि साधारण १२० ते १४० अंशांना, पोटॅश फेल्स्पार जवळ असला तर, दोघं मिळून संपतात: एक केओलिनाइट, एक फेल्स्पार, त्यातून एक इलाइट, दोन सिलिका आणि एक पाणी. हिशोब तंतोतंत जुळतो, वह्यांत करून बघावा. नॉर्वेच्या किनाऱ्याबाहेरच्या वालुकाश्मांत हा बदल चांगला अभ्यासला गेला आहे. हा इलाइट केसासारखा उगवतो, कणाकणांमधल्या अरुंद वाटांवर जाळं विणतो. वजनाने तो दगडाच्या दोन-तीन टक्के असला तरी झिरपण मोडून टाकतो.

आमच्या प्रकरणाची किल्ली या शेवटच्या बदलात होती. पण ते नंतर कळलं.

आम्ही काय केलं

दगड हलक्या हाताने कुटला. जोरात कुटला तर फेल्स्पार आणि अभ्रकाचा भुगा चिकणमातीत मिसळतो आणि मग सगळंच खोटं पडतं. भुगा पाण्यात ढवळून उभ्या नळीत ठेवला. दोन मायक्रॉनचा कण २० अंशांच्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास घेतो, म्हणून आठ तासांनी वरचे दहा सेंटिमीटर पाणी काढून घेतलं की त्यात फक्त दोन मायक्रॉनहून बारीक कण असतात. मार्च-एप्रिलच्या सोलापुरात खोलीचं तापमान वीस राहत नाही हे उघड आहे. गरम पाणी पातळ असतं, कण लवकर बसतात, म्हणून तिने रोज तापमान नोंदवून वेळ कमी केली. हे काम तिने फार नेटकं केलं.

ते पाणी काचपट्टीवर वाळवलं की मातीच्या चकत्या आडव्या बसतात आणि क्ष-किरण त्यांच्या थप्प्यांमधलं अंतर मोजतात. अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजतात, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रत्येक पट्टीची तीन वेळा मोजणी: साधी वाळलेली, इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलेली, आणि ५५० अंशांना तासभर भाजलेली. स्मेक्टाइट साधं असताना १४-१५ वर दिसतं, ग्लायकॉलने फुगून १७ वर जातं, भाजलं की १० वर येतं. इलाइट तिन्ही वेळा १० वर अढळ. केओलिनाइट ७ वर, भाजलं की नाहीसं. क्लोराइट, म्हणजे लोह-मॅग्नेशियमचं हिरवट चिकणमाती-खनिज, १४ आणि ७ दोन्हीकडे.

वरच्या नमुन्यात स्मेक्टाइट आणि केओलिनाइट. मधल्यात मिश्र इलाइट-स्मेक्टाइट, ठोकळेबाज केओलिनाइट, आणि वाळूच्या कणांवर क्वार्ट्झची नवी जाड वाढ. ती वाढ साधारण ७०-८० अंशांपासून जोर धरते, त्यामुळे १०५ अंशांच्या दगडात पोकळी घटलेली असणं अपेक्षितच. इथवर सगळं सरळ होतं.

तिसऱ्या नमुन्याची मोजणी तीन आठवड्यांनी झाली. क्ष-किरण यंत्र आमचं नव्हे, दुसरीकडे वेळ मागून वापरतो. मधल्या काळात कोणीतरी वेगळ्या कामासाठी यंत्राचा कार्यक्रम बदलून ठेवला होता. यंत्र क्ष-किरणांचा कोन वाढवत मोजतं, आणि थप्प्यांमधलं अंतर जितकं मोठं तितकं शिखर लहान कोनाला येतं. आमचे पहिले दोन नमुने २ अंशांच्या कोनापासून मोजले गेले होते, तिसरा ८ अंशांपासून. आलेखात ८.८ अंशांवर इलाइटचं १० अँगस्ट्रॉमचं शिखर आलं, १२.४ अंशांवर ७ अँगस्ट्रॉमचं उंच, टोकदार शिखर आलं. भाजल्यावर ते ७ चं शिखर गेलं. तिने लिहिलं: इलाइट आणि केओलिनाइट. मी वाचलं आणि सही केली.

आलेखाचा आडवा अक्ष ८ पासून सुरू होतो हे छापील कागदावर स्पष्ट दिसत होतं. क्लोराइटचं १४ अँगस्ट्रॉमचं शिखर ६.२ अंशांवर येतं, म्हणजे कागदाच्या बाहेर. जे मोजलंच नाही ते नाही असं आम्ही धरून चाललो. जबाबदारी माझी होती, मार्गदर्शक म्हणून ते माझ्या डोळ्यांना दिसायला हवं होतं.

त्यात भर म्हणजे, भाजल्यावर ७ चं शिखर जाणं हा केओलिनाइटचा पुरावा म्हणून पुस्तकातून पाठ झालेला असतो. पण लोहयुक्त क्लोराइटचंही ७ चं शिखर ५५० अंशांना जवळजवळ मावळतं. फरक १४ च्या शिखरात असतो: क्लोराइट भाजलं की ते शिखर १३.८ च्या आसपास सरकून उलट ताठ होतं. म्हणजे जिथे पुरावा होता नेमका तोच भाग आमच्या कागदावर नव्हता. शिवाय लोह जास्त असलेल्या क्लोराइटमध्ये १४ चं शिखर मुळातच बुटकं आणि ७ चं उंच असतं. पूर्ण मोजणी असती तरी घाईत वाचणारा फसला असता.

कंपनीतल्या त्या माजी विद्यार्थ्याला मी एक पानाचं अंतरिम टिपण पाठवलं. त्यात होतं, खालच्या थरात केओलिनाइट आहे, ते हायड्रोक्लोरिक आम्लात फारसं विरघळत नाही, त्यामुळे त्या आम्लाने थराला इजा होण्याचा धोका कमी आहे.

शंका कुठून आली

एप्रिलच्या शेवटी ती पातळ काप घेऊन माझ्याकडे आली. पातळ काप म्हणजे दगडाची ३० मायक्रॉन जाडीची पापुद्र्यासारखी चकती, आरपार प्रकाश जाईल अशी. त्यात पोटॅश फेल्स्पार ओळखावा म्हणून तो रसायनाने पिवळा रंगवलेला होता. तिने पिवळे कण मोजून आणले होते. म्हणाली, "सर, एवढा फेल्स्पार शिल्लक आहे आणि केओलिनाइट पण शिल्लक आहे. १४४ अंशांना दोघं शेजारी शेजारी कसे राहिले? मग इलाइट एवढंसंच का?"

प्रश्न अचूक होता. दोघं एकत्र दिसणं हा काही अशक्यतेचा पुरावा नाही. हे रासायनिक बदल फार मंद असतात, दगड नुकताच त्या तापमानाला पोचला असेल तर दोघं काही काळ सोबत राहू शकतात. पण संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. आम्ही दोघांनी आलेख पुन्हा काढला आणि या खेपेला माझी नजर अक्षाच्या पहिल्या आकड्यावर गेली.

नवीन मोजणीला दहा दिवस थांबावं लागलं. तेवढ्यात घरच्या घरी होईल अशी एक परीक्षा आम्ही करून घेतली. मातीचा थोडा भाग परीक्षानळीत घेतला, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं आणि ८० अंशांच्या पाण्यात ती नळी रात्रभर ठेवली. केओलिनाइट याला फारशी दाद देत नाही. क्लोराइट विरघळतं. सकाळी आम्ल पिवळं झालं होतं. ते गाळून घेतलं, वरून थोडं अमोनिया थेंब थेंब सोडलं, आणि नळीत गंजाच्या रंगाचे गुबगुबीत तंतू तरंगायला लागले. लोहाचं हायड्रॉक्साइड. नळी तिरकी केली तरी ते धड वाहत नव्हतं, जेलीसारखं हलत होतं.

लोह सिडेराइट या लोहाच्या कार्बोनेटमधूनही येऊ शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही हे तिला सांगितलं. तिनेच मग जुन्या भुकटीच्या आलेखात सिडेराइटचं २.७९ अँगस्ट्रॉमचं शिखर शोधलं. नव्हतं.

दहाव्या दिवशी २ अंशांपासून मोजणी झाली. ६.२ अंशांवर १४.२ अँगस्ट्रॉमचं बुटकं शिखर, ग्लायकॉलने न हललेलं, भाजल्यावर ताठ झालेलं. आणखी एक खूण २५ अंशांच्या आसपास असते: केओलिनाइटचं दुसरं शिखर ३.५८ अँगस्ट्रॉमवर, क्लोराइटचं चौथं ३.५४ वर. आलेखात ते एक-चतुर्थांश अंशाच्या अंतरावर पडतात, म्हणून तेवढाच भाग अगदी हळू मोजावा लागतो. आमचं शिखर ३.५४ वर एकटं उभं होतं. आम्लात धुतलेल्या मातीची पट्टी केली, तिच्यात ७ चं शिखर नव्हतं. केओलिनाइट या नमुन्यात दाखवण्याजोगी नव्हतीच.

हिरवी कड

आता पातळ कापाकडे पुन्हा पाहिलं तेव्हा जे आधी मळ वाटलं होतं ते उलगडलं. प्रत्येक वाळूच्या कणाभोवती एक अगदी बारीक, फिकट हिरवी कड होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पुण्याला जाऊन आलो. तिथे ती कड पत्त्यांच्या बंगल्यासारखी दिसली: क्लोराइटच्या चकत्या कणाच्या पृष्ठभागावर काटकोनात उभ्या, एकमेकींना टेकलेल्या. दोन कण जिथे एकमेकांना चिकटले होते तिथे कड फारच पातळ किंवा नव्हती, म्हणजे तिचा बराच भाग कण एकमेकांवर बसल्यानंतर वाढला. आणि जिथे कड अखंड होती तिथे क्वार्ट्झची नवी वाढ नव्हती. जिथे ती फाटली होती तिथे, फक्त तिथे, क्वार्ट्झचे बारीक स्फटिक बाहेर आलेले. इलाइटचे केस या सगळ्याच्या वर, म्हणजे सगळ्यात शेवटी आलेले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. क्वार्ट्झला वाढायला जुन्या क्वार्ट्झचा उघडा पृष्ठभाग लागतो. कणावर क्लोराइटचा अंगरखा असेल तर सिलिका येते पण बसायला जागा मिळत नाही, आणि पोकळी टिकते. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या टस्कलूसा वालुकाश्मात सहा किलोमीटरच्या आसपास खोलीवरही वीस टक्क्यांहून अधिक सच्छिद्रता टिकून आहे, ती अशाच कडेमुळे. मधल्या नमुन्यात ही कड नव्हती, म्हणून तिथे कमी खोलीवरही क्वार्ट्झने जागा भरून टाकली.

एकाच थरात एका ठिकाणी कड आणि दुसरीकडे नाही, हे का? अशी कड लोहयुक्त मातीच्या आधीच्या लेपातून येते. नदीने आणलेलं लोह समुद्राच्या खाऱ्या पाण्याला भेटतं त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बर्थिरीनसारखी सात अँगस्ट्रॉमचीच हिरवी खनिजं वाळूवर चढतात, आणि पुढे साधारण ९० अंशांच्या वर त्यांचं क्लोराइट होतं. म्हणजे दगडाच्या आजच्या पोकळीचा निर्णय कोट्यवधी वर्षांपूर्वी वाळू नेमकी कुठे साचली यावर झालेला असतो. मला या विषयातली ही गोष्ट सगळ्यात जास्त भावते. खालचा नमुना नदीच्या मुखाजवळचा, मधला बहुधा तिथून दूरचा, असं कंपनीकडच्या इतर नोंदींवरूनही जुळतं.

मुलांना ही कड पटवायला लांब जावं लागत नाही. होटगी रस्त्याला जाताना कुठल्याही खाणीतला पोकळ्यांचा बेसाल्ट उचला. पोकळीच्या भिंतीला आधी हिरव्या मातीचा पातळ थर बसलेला दिसतो आणि त्याच्यावर, आतल्या बाजूला, पांढरी झिओलाइटं वाढलेली असतात. क्रम डोळ्यांसमोर असतो: भिंतीला चिकटलेलं आधीचं, मध्यभागी असलेलं नंतरचं. ती विद्यार्थिनी असा एक दगड पिशवीत घेऊनच तोंडी परीक्षेला गेली आणि परीक्षकांना तोच आधी दाखवला.

आम्लाचा प्रश्न

पहिली मोजणी चुकल्याचं नक्की झालं त्याच संध्याकाळी मी फोन करून अंतरिम टिपण मागे घेतलं. थरात आम्ल अजून सोडलेलं नव्हतं. सोडलं असतं तर काय झालं असतं ते आमच्या नळीत दिसलंच होतं. आम्ल क्लोराइट विरघळवतं, लोह सुटतं. आम्ल ताजं असेपर्यंत ते लोह पाण्यात राहतं. पण दगडात पुढे जाता जाता आम्ल खर्ची पडतं, त्याची तीव्रता उतरते, आणि ऑक्सिजन मिळून लोह त्रिसंयुजी झालेलं असेल तर सामू (पीएच) दोन-तीनच्या वर जाताच हायड्रॉक्साइडचा तो गंजरंगी लगदा कणांमधल्या अरुंद वाटांत बसतो. झिरपण वाढवायला गेलेलं आम्लच वाट बंद करतं. टाळायचं तर लोहाला धरून ठेवणारं सायट्रिक आम्लासारखं द्रव्य मिसळावं लागतं, आम्लात ऑक्सिजन राहणार नाही हे बघावं लागतं, किंवा सौम्य सेंद्रिय आम्ल वापरावं लागतं. आणि मुळात कड विरघळवायचीच कशाला, तिनेच तर पोकळी राखली आहे, हाही प्रश्न मी सुधारित टिपणात लिहिला.

खरोखर केओलिनाइट असती तर धोका वेगळा होता. तिच्या चकत्या कणांना सैल चिकटलेल्या असतात, प्रवाह जोरात झाला की सुटतात आणि पुढच्या अरुंद वाटेत अडकतात. तिथे काळजी आम्लाची नव्हे, उपशाच्या वेगाची घ्यायची. ७ अँगस्ट्रॉमचं एकच शिखर, पण त्याच्या दोन वाचनांवरून विहिरीवर दोन वेगळी कामं होतात.

सुधारित टिपणात आणखी एक इशारा घातला. क्लोराइटच्या उभ्या चकत्यांमधल्या बारीक फटींत पाणी अडकून राहतं आणि त्यातून वीज वाहते. विहिरीत सोडलेल्या विद्युत-मापनात थर पाण्याने भरल्यासारखा दिसतो, जरी मोठ्या पोकळ्यांत तेल असलं तरी. कंपनीने खालच्या थरातलं पाण्याचं प्रमाण त्या नजरेने पुन्हा तपासावं असं सुचवलं.

इलाइटबद्दल मात्र आम्हाला हात आखडता घ्यावा लागला. इलाइटचे केस ओल्या दगडात पोकळीभर पसरलेले असतात. नमुना हवेत वाळला की पाण्याच्या पृष्ठताणाने ते कणांना चिकटून बसतात, वाटा मोकळ्या होतात आणि प्रयोगशाळेत मोजलेली झिरपण खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त येते. उत्तर समुद्रातल्या दगडांवर हे अनुभवाला आलेलं आहे. टाळायचं तर नमुना ओलाच जपून, त्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने बदलून शेवटी द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने भरतात आणि ३१ अंश व सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पुढे नेऊन वाळवतात, म्हणजे पृष्ठताण उरतच नाही. आमचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठणठणीत आले होते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकात कणांना चिकटलेले दिसलेले इलाइटचे केस तिथे तसेच होते की वाळल्यावर बसले, हे या नमुन्यांवरून ठरवता येत नाही. टिपणात झिरपणीचा आकडा दिला नाही. पुढच्या विहिरीतला गाभा, म्हणजे कापून काढलेला दगडाचा दंडगोल, वर येताच मेणात बंद करून ओला पाठवावा, एवढी विनंती केली.

आता यंत्राकडे जाताना तिच्या पाठच्या वर्गातली मुलं एक छापील कागद सोबत नेतात. त्यावर पहिली ओळ तिच्या अक्षरातली आहे: सुरुवात २ अंशांपासून, आधी अक्ष बघा. गंजरंगी तंतूंची ती परीक्षानळी बूच लावून काचेच्या कपाटात ठेवली आहे. तीन महिन्यांत तंतू तळाशी बसून त्यांचा विटकरी थर झाला आहे, आणि वरचं पाणी स्वच्छ.